बुजगावण्याची ऊब

रेवारामनं धानाच्या बांधीत बुजगावणं उभं केलं आणि त्याला पोराचा जुना फौजी शर्ट चढवला. पाखरं काय, रानडुकरंसुद्धा फौजेला भितात, हे त्याचं गणित. सुट्टीवर आलेल्या हेमेंद्रनं ते पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“बाबूजी, माहा शर्ट काढा तो.”

“काऊन? फाटलाच तं हाये.”

स्वतः जाऊन काढायचा, तर पाय उचलेना. आणि काऊन ते सांगता येईना.

सीमेवर लढाईची रीतच पालटली होती. शत्रू समोरून येईनासा झाला, डोक्यावर ड्रोन घोंघावू लागले. मग साहेबांनी डाव टाकला. खोटे जवान उभे करा, ड्रोन त्यांच्यावर फुटू द्या. धानपट्ट्यातला गडी म्हणून काम हेमेंद्रकडे आलं. त्यानं तणसाचे, धानाच्या पेंढ्याचे, असे जवान केले, की पलटण हसून बेजार. एकाला तर स्वतःचाच शर्ट घातला. डाव लागू पडला. पण शत्रूही दूधखुळा नव्हता. त्यानं अंगाची ऊब ओळखणारे कॅमेरे आणले. तेव्हा तणसाच्या छातीत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायचं ठरलं. त्या निवल्या, की कोणीतरी जाऊन बदलायच्या.

एके दिवशी बाटल्या बदलायला धनेंद्र गेला. नागझिऱ्याकडचा, जिवाला जीव देणारा दोस्त. हेमेंद्रचा शर्ट घातलेल्या तणसाच्या जवानाकडे बोट दाखवून त्याला म्हणाला, “तुले ऊब देऊन येतो.” परत आला नाही.

सुट्टीतल्या एका गार सकाळी शेजारच्या बांधीत तुडतुड्यांवर औषध फवारायला ड्रोन उडाला. तो आवाज ऐकून हेमेंद्र झोपडीबाहेर आला. पाहतो तर त्याची माय, मुन्नीबाई, दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून चालली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हातात गरम चहाचा गडवा, आणि समोर तो शर्ट.

“घे रे बाबू,” ती बुजगावण्याला म्हणत होती, “कवाचा थंडीत उभा हायेस.”

“माय, तिकडे जाऊ नको!”

हेमेंद्र धावला. त्यानं तिला धुऱ्याआड ओढलं आणि तिच्यावर आडवा झाला. गडवा उलटून चहा बुजगावण्याच्या छातीवर सांडला. ड्रोन पलीकडच्या टोकाकडे निघून गेला.

माय उठून बसली. तिनं चाचपून त्याचा चेहरा पाहिला. “तू इथं हायेस, मंग मी चहा कोणाले देऊन राहिली होती?”

बुजगावण्याच्या ओल्या तणसातून वाफ निघत होती. हेमेंद्रनं दोन्ही हातांनी चिखल उचलला आणि त्या छातीवर थापू लागला. ड्रोन वळून यायच्या आत ती थंड व्हायला हवी होती.