मी, राखेत मऊ झालेला गज

फायर हॉलच्या, म्हणजे गावच्या बंबखान्याच्या भिंतीवरून मी बोलतोय. दारातून आत आलात की उजव्या हाताला, जुन्या हेल्मेटांच्या रांगेच्या वर, काचेची एक पेटी दिसेल. तिच्यात घोड्याच्या नालासारखा वाकलेला सात इंचांचा पोलादी गज आहे, तो मी. खाली पितळी पट्टी आहे : ‘एमिल हुडाक यांनी नुसत्या हातांनी वाकवला. उन्हाळी मेळा, १९७९.’ लोक वाचतात, “बाप रे!” म्हणतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

वाकलो त्याची लाज नाही हो. वाकणं हा आमचा धंदाच. लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे, आणि ती मी आज सांगून टाकणार आहे.

पिट्सबर्गकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे आम्हाला गरम न करता, थंडच ओढून काढतात, म्हणून आमच्या अंगात कडकपणा मुरतो. तो कडकपणा हीच आमच्या घराण्याची अब्रू. तीन फुटांची कांब म्हणून मी आमच्या या कोळशाच्या खोऱ्यात आलो. एमिलनं दुकानातल्या दहा कांबा हातात घेऊन बघितल्या आणि मला निवडलं. घरी गॅरेजमध्ये करवतीनं माझे पाच तुकडे केले. असे आम्ही पाच भाऊ झालो. दोघं पुढे कुणाकुणाला भेट म्हणून गेले. उरलो थोरला, मी आणि धाकटा. आम्ही कॉफीच्या डब्यात राहायचो.

एमिल तेव्हा एकोणचाळीसचा. तारेचे दोर वळणाऱ्या कारखान्यात कामाला. त्याच्या हातांची ताकद खोटी नव्हती, हे आधीच सांगतो. मूठ कमवायचा स्प्रिंगचा ग्रिपर, बाजारात मिळणारा सगळ्यात कडक, तो एका मुठीत बंद करायचा, दोन्ही दांड्या टक्कन एकमेकींना लागायच्या. त्यानं एका डंबेलच्या दांड्यावर जाड पाइप चढवला होता. बोटं पुरती वळायचीच नाहीत, तरी तो ते जमिनीवरून उचलायचा. बायको म्हणायची, “संसाराला हात लाव जरा, या लोखंडाला काय लावतोस!” तो नुसता हसायचा.

आमच्याकडे आग लागली की गावचेच लोक बंब घेऊन धावतात. एमिलही त्यातला. या लोकांच्या फायर कंपनीचा दर उन्हाळ्यात मेळा भरतो. त्या वर्षी शेजारच्या खोऱ्यातल्या ग्विलिमनं त्यांच्या मेळ्यात आमच्याच मापाचा गज वाकवला. झालं! कंपनीचा सेक्रेटरी चेट, एमिलचा जिवलग, सगळीकडे सांगत सुटला, “आमचा एमिल तो दातकोरणीसारखा वाकवेल!” हॉलच्या दारावर कागदसुद्धा चिकटवला. एमिलला विचारलं ते नंतर.

मेळ्याला तीन आठवडे असताना एमिलनं थोरल्याला चामड्याच्या पट्टीत गुंडाळलं, हनुवटीखाली धरलं आणि जोर लावला. मी डब्यातून बघत होतो. मान लाल झाली, दंड थरथरले, तोंडातून नको ते शब्द आले. मग त्यानं थोरल्याला बाकावर पालथा ठेवून खालून बोट घालून बघितलं. आमच्यात वाक असाच मोजतात, खालून किती बोटं जातात त्यावर. अर्धं बोट गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धंच. आठवडाभर अर्धंच.

तेव्हाच चेटला जाऊन सांगितलं असतं, “बाबा रे, या वर्षी जमत नाही,” तर काय आकाश कोसळलं असतं? पण माणसाला एकदा टाळ्या आधीच ऐकू यायला लागल्या की जीभ उचलत नाही.

मेळ्याआधीच्या गुरुवारी दुपारी त्याची बायको चर्चच्या तळघरात इतर बायकांबरोबर मेळ्यासाठी बटाटा भरलेल्या पिरोगी करायला गेली. एमिलनं डब्यात हात घातला. माझ्या नशिबानं मीच हाताला लागलो. त्यानं मला स्वयंपाकघरातल्या कोळशाच्या शेगडीत खुपसलं. लाल होईपर्यंत ठेवलं, मग राखेत पुरलं आणि सावकाश निवू दिलं. पोलादाचा कडकपणा असाच घालवतात. राखेतून बाहेर आलो तेव्हा अंगावर काळी खपली होती आणि आत काहीच उरलं नव्हतं. तारेच्या घासणीनं त्यानं मला घासून लख्ख केलं. वरून मी अगदी भावांसारखा दिसत होतो.

आमच्याकडे रीत अशी की गज वाकवण्याआधी तो गर्दीत फिरवायचा. ज्याला हौस असेल त्यानं जोर लावून बघायचा. मेळ्याच्या दिवशी एमिलनं थोरल्याला फिरवलं. पाववाल्यानं बघितलं, पाद्रीबाबांनी बघितलं, ग्विलिमही आला होता, त्यानं नुसतं हातात तोलून “खरा आहे” म्हणून मान डोलावली. मग थोरला परत एमिलच्या हातात आला. चामड्यात गुंडाळायच्या निमित्तानं एमिल पाठमोरा झाला. थोरला खिशात गेला आणि मी चामड्यात.

पुढचं सांगताना आजही अंग चोरावंसं वाटतं. मी आढेवेढे घेतलेच नाहीत. त्यानं दाबलं आणि मी निघालो. पण तो ओरडत होता, डोळे मिटत होता, गुडघे वाकवत होता. अर्ध्यावर तर दम लागल्यासारखा थांबला. अरे, दम कसला! गर्दी किंचाळत होती. त्यानं मला उघडं करून वर धरलं, लोकांनी मला हात लावून बघितला. “गरम आहे! वाकून गरम झालाय!” नऊ वर्षांची एक मुलगी त्याच्या पायाशी हातांना लावायच्या खडूच्या पुडीची डबी घेऊन उभी होती. त्याची लेक पॉलेट. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी कोळसा झालो असतो तर बरं झालं असतं.

एका दुपारच्या खोट्यानं एवढंच झालं असतं, तर मीही गप्प बसलो असतो. पण त्या पोरीनं मनावर घेतलं.

सोळाव्या वर्षापासून पॉलेटनं हात कमवायला सुरुवात केली. टीव्ही बघताना ग्रिपर, जेवण झालं की जाड दांड्याचं डंबेल. पुढे ती शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायला लागली, तिथे गंजलेले नट ती लांब पाना न लावता सोडवायची. गडी तिला टरकून असत. पण तिला हवं होतं एकच, बापानं वाकवला तो गज. डब्यातला धाकटा तिनं आपला म्हणून घेतला. वर्षानुवर्षं त्याच्याशी झुंजली. एक बोट झालं. दोन झाली. तीन झाली, आणि तिथे अडलं.

बापाचं अर्धं बोट आणि लेकीची तीन, एकाच डब्यात पडून होती. पॉलेटला वाटायचं, थोरल्याचा तेवढा वाक गॅरेजमध्ये आलेल्या कुणाकुणाच्या हातांनी पडलाय. तिला खरं काय ते कोण सांगणार? मी तर त्या मेळ्यापासून इथे भिंतीवर.

ती बत्तीस वर्षांची असताना एकदा तळहात फाटून रक्त आलं. पुढचं मला धाकट्यानं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, “डॅड, तू एका मिनिटात वाकवलास. माझं नेमकं काय चुकतंय?”

एमिलनं हातातली कानस पुसली. मग म्हणाला, “चुकत नाही गं काही. बायकांच्या मनगटात ते नसतं. सोड आता.”

तिनं सोडलं. ग्रिपर खणात गेला. डंबेल दार अडवायला ठेवलं. त्यानंतर ती मेळ्याला यायची, बटाट्याच्या ब्लीनी तळायची आणि हॉलमध्ये पाऊल टाकायची नाही.

अशी एकोणीस वर्षं गेली. फायर कंपनीला शंभर वर्षं झाली, तेव्हा म्हाताऱ्या चेटनं माझ्यासाठी ही काचेची पेटी करवली. मला अडकवायचे आतले दोन आकडे एकमेकांपासून जरा लांब बसले. त्यानं मला पॉलेटच्या हातात दिलं. “तुझ्या बापाकडे वाइस आहे ना? याची टोकं अर्धा इंच फाकव. आणि एमिलला सांग, यंदा माइकवर चार शब्द बोलायचे आहेत.”

रविवार होता. एमिलनं, आता एक्क्याऐंशीच्या, कोबी आणि नूडल्स केले होते. पॉलेटनं गॅरेजमध्ये माझा एक पाय बाकावरच्या वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला. जोर लागणार म्हणून लांब पाइप शोधून आणला. पाइप चढवण्याआधी सहज, अंदाज घ्यावा म्हणून तिनं दुसऱ्या पायावर तळहात टेकून भार टाकला.

मी गेलो. अर्धा इंच कुठला, चांगला इंचभर फाकलो.

तिचा हात तिथेच राहिला. मग तिनं मला काढलं, डब्यातून धाकट्याला आणलं, वाइसमध्ये लावलं आणि तसाच भार टाकला. धाकटा ढिम्म हलला नाही. तिनं थोरल्याला लावलं. तोही नाही. बेचाळीस वर्षं मला तोंड नव्हतं, आणि बोललो तो असा, तिच्या तळहाताखाली.

एमिल दारात ताटली घेऊन उभा होता.

“डॅड, हा तापवलेला आहे.”

“कोबी गार होतोय,” एमिल म्हणाला.

“खड्ड्यात गेला कोबी! कुणी तापवला?”

त्यानं ताटली बाकावर ठेवली. “मी. आईच्या शेगडीत. तुझी आई पिरोगी करायला गेली होती.”

“आणि थोरल्याचा हा वाक?”

“तोही माझाच. तेवढंच जमलं मला.”

पॉलेटनं थोरल्याला आणि धाकट्याला शेजारी शेजारी पालथं ठेवलं. एकाखाली तिचं बोट धड शिरेना. दुसऱ्याखाली तिची तीन बोटं सहज गेली.

“इथेच बसून मला म्हणालास, बायकांच्या मनगटात ते नसतं. तेव्हा हे दोघं तुझ्यासमोर होते.”

“होते.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“हो, पोरी.”

“मग का रे?”

“तू वाकवला असतास तर लोकांनी दोन्ही गज शेजारी लावले असते, माझं पितळ उघडं पडलं असतं,” एमिल म्हणाला. “मला लाज वाटते गं. फार लाज वाटते.”

“वाटू दे,” पॉलेट म्हणाली. “मी कुणाला सांगणार नाही. ते तुझं काम आहे.” आणि ती न जेवता निघून गेली. मला आणि थोरल्याला बाकावर टाकून, धाकट्याला मात्र खिशात घेऊन.

मेळ्याच्या दिवशी चेटनं एमिलला माइकपाशी उभं केलं. त्यानं आधी थोरल्याला गर्दीत फिरवलं. लोकांनी जोर लावला, कुणाचंच काही चाललं नाही. मग एमिलनं मला वर धरलं. “हा खरा नाही,” तो म्हणाला. “मी आधी शेगडीत तापवला होता. तुम्हाला फसवलं. लेकीलाही फसवलं. खरा गज तिनं माझ्या सहापट वाकवलाय.”

मला वाटलं, सुटलो एकदाचा! आता काढतील मला खाली.

आणि चेट हसला. “बघा, बघा! लेकीचं नाव व्हावं म्हणून म्हातारा स्वतःला चोर म्हणवून घेतोय!” सगळी गर्दी हसली. टाळ्या पडल्या, एकोणऐंशी साली पडल्या होत्या त्याहून जास्त. एमिल ओरडत राहिला, “अरे, खरं सांगतोय मी! आईशप्पथ!” तसतसे लोक आणखी हसत गेले.

एक जण हसत नव्हती. पॉलेट ब्लीनीच्या कढईपासून उठली, तेलकट हात पुसत वर आली. खिशातून धाकट्याला काढलं. आधी गर्दीत फिरवला, रीतीप्रमाणे. मग सगळ्यांच्या देखत, कुणाला पाठ न दाखवता, चामड्यात गुंडाळला आणि दाबला. ओरडली नाही. एकावन्नाव्या वर्षी, एकोणीस वर्षांच्या खंडानंतर, धाकटा पुरता वाकला नाही. तीनची चार बोटं झाली, बस. पण तो वाकताना करकरला, आणि तो आवाज मी ओळखला. माझ्या अंगातून तो कधी निघालाच नव्हता.

“बापाचेच हात!” कुणीतरी ओरडलं.

“नाहीत,” एमिल माइकमध्ये म्हणाला. “माझे नाहीत.” यावरही लोक हसले.

मला पुन्हा इथे टांगलं, याच पट्टीच्या वर. पेटीखाली साखळीला थोरला बांधलाय, कुणालाही जोर लावून बघता येतो. धाकटा पॉलेटकडे आहे. ग्रिपर खणातून बाहेर आलाय, असं ऐकतो. बापाकडे ती रविवारी पुन्हा यायला लागली आहे. जेवते, फारसं बोलत नाही.

एमिल रोज दुपारी माझ्याखालच्या बाकावर येऊन बसतो. जो येईल त्याला सांगतो, “हा शेगडीत तापवलेला आहे बरं का.” लोक त्याच्या पाठीवर थाप मारतात आणि माझा फोटो काढून जातात. त्याला कुणी खोटा म्हणत नाही, ही त्याची शिक्षा आहे आणि माझीही.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर माझ्याकडे बघून “बाप रे” म्हणू नका. थोरल्याला जोर लावून बघा, हात दुखू देत. आणि बाकावरच्या म्हाताऱ्यानं तुम्हाला ती गोष्ट सांगितली, तर एवढं करा. हसू नका.