उघडा वाडगा

पोईच्या, म्हणजे अळूचे कंद कुटून केलेल्या लगद्याच्या, वाडग्यावरचे झाकण निघाले की आमच्या दरीत कुणी सौदा बोलत नाही आणि कुणी भांडत नाही. हे वेगळे शिकवावे लागत नाही. अळूच्या वाफ्यातला गार चिखल पोटऱ्यांना ओळखीचा होतो, तसेच हेही अंगात मुरते. माझा भाऊ हिनानो मात्र शेजारच्या माउई बेटावरच्या हॉटेलात इतकी वर्षे रांधत होता की हॅलोरनबाईंना घेऊन तो नेमका जेवणाच्या वेळी आला.

बाई त्या हॉटेलच्या व्यवस्थापक. जगभरचे लाडके पदार्थ एका नव्या दालनात मांडण्याचा त्यांचा बेत होता आणि त्या दालनाचा मुख्य आचारी म्हणून हिनानोचे नाव जवळजवळ ठरले होते. अडले होते ते पोईपाशी. आमच्या बेटांचा पदार्थ म्हणून बाईंना पोई हवी होती, तीही पुआनानी आंटीच्या हातची. कारण आमच्या मोलोकाई बेटावर अळूचे उकडलेले कंद लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटणारे हात आता थोडे उरले आहेत. पण ती आंबलेली नको होती. साखर आणि नारळाचे दूध घालून, चिमुकल्या पेल्यांतून, जेवणाच्या शेवटी गोड म्हणून ती वाढायची होती. मी त्यांना आणायला गेले तेव्हा विमानतळावर बाई सामानापाशी थांबल्या होत्या, तेवढ्यात हिनानोने मला हे घाईघाईने सांगितले.

आंटी नाही म्हणाली तर काय, असे मी विचारले. तो म्हणाला, "मग आचारी दुसरा कुणीतरी होईल, कावेही." आणि समुद्राकडे पाहत राहिला.

आंटी म्हणजे आमच्या आईची थोरली बहीण. आम्हा दोघांना तिनेच वाढवले. आमचा ट्रक अंगणात शिरला तेव्हा ती ओसरीवर उभी होती. तिने आधी बाईंच्या चकचकीत पिशवीकडे पाहिले, मग हिनानोच्या पडलेल्या खांद्यांकडे. पाहुण्यांना हात धुवायला पाणी देण्याआधीच तिने टेबलाच्या मधोमध मोठा लाकडी वाडगा ठेवला आणि झाकण काढून बाजूला सारले. करडी-जांभळी पोई उन्हात संथ चकाकली. हिनानोने डोळे मिटून घेतले.

आमच्या टेबलावर जग फार पूर्वीच येऊन बसले होते. अननसाच्या मळ्यांवर राबायला जी माणसे आली, त्यांच्या डब्यांतून ते आले. शेजारच्या पाकबाईंची आंबवलेल्या कोबीची लालभडक किमची होती, पोर्तुगीज पाव होता, फिलिपिनो पद्धतीचे व्हिनेगरमधले डुकराचे मांस होते. आणि खारवलेला मासा आमचा.

बाईंनी दालनाचा विषय काढला. आंटी म्हणाली, "मासा घ्या. काटे जपून." त्यांनी पुन्हा काढला, आंटीने पाव पुढे केला. तेव्हा मी बाईंना हळूच आमची रीत सांगितली. त्या समंजस होत्या. जेवण होईपर्यंत थांबू, म्हणाल्या, आणि आमच्यासारखी दोन बोटे पोईत फिरवून त्यांनी ती तोंडात घातली. चेहरा त्यांनी शिकस्त करून सांभाळला.

"वेगळीच चव आहे," त्या म्हणाल्या. "किंचित साखर असती, तर आमच्या पाहुण्यांनासुद्धा..."

हा सौदा नव्हता. चवीबद्दलचे बोलणे होते. चवीबद्दल बोलायला वाडग्याची हरकत नसते.

"ही किमची चाखलीत ना?" आंटीने विचारले. "पाकबाईची सासू इथं आली तेव्हा तिच्या बरणीचा वास सगळ्या दरीला झोंबायचा. पण साखर घाल, असं कुणी म्हणालं नाही तिला. आम्ही नाकं मुरडली, मग खाल्ली, आणि आता तिच्यावाचून घास उतरत नाही." तिने वाडग्याची कड ओल्या बोटाने पुसून घेतली. "आणि हे अळू तर आमचा थोरला भाऊ. जुनी माणसं सांगतात, पहिलं मूल मेलेलं जन्मलं, ते मातीत ठेवलं, त्यातून अळू उगवलं. माणूस त्याच्या पाठचा. थोरल्याला नटवून, पेल्यात बसवून, लोकांनी कौतुक करावं म्हणून मी पाठवत नसते."

बाईंनी मान खाली घातली. हिनानो घास घोळवत राहिला.

तेवढ्यात पाकबाई आल्या. त्यांच्यामागून वरच्या वाफ्यांवरची माणसे आली, चिखलाचे पाय धुऊन बाकांवर टेकली. हिनानोला बघून कुणी म्हणाले, हॉटेलवाल्यानं पोट बरं कमावलंय. कुणी म्हणाले, काट्याचमच्याशिवाय जमेल का रे तुला आता? आंटी पाणी घालून पोई सैल करत होती. दोन बोटांवर उचलता येणारी पोई तीन बोटांची झाली आणि वाडगा काही रिता होईना. माणसे येत राहिली. उन्हे ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून वाफ्यांवर गेली. अळूच्या प्रत्येक पानावर एकेक थेंब होता, न ओघळणारा.

शेवटी बाई उठल्या. संध्याकाळचे छोटे विमान चुकवून चालणार नव्हते. झाकण हिनानोच्या कोपरापाशीच पडले होते.

"हिनानो," त्या मऊपणाने म्हणाल्या, "ठेव ना ते वाडग्यावर. दोनच मिनिटं बोलायचंय. तुझ्यासाठीच."

हिनानोने झाकण उचलले. त्याच्या मनगटांवर भट्ट्यांचे जुने डाग होते. किती देशांचे रस्से त्या हातांनी ढवळले होते, आणि सगळे प्रेमानेच. ते दालन त्याला हवे होते. मला माहीत होते, आंटीलाही माहीत होते. ती मात्र माशाचा काटा काढण्यात गढून गेली होती. तिने मान वर केली असती तर तो हुकूम झाला असता.

हिनानोने झाकण उलटे केले. त्याच्या खोलगट पोटात मासा वाढला, पावाचा तुकडा ठेवला, वर किमची घातली आणि ते बाईंसमोर सरकवले.

"प्रवासात भूक लागेल. खाऊन घ्या."

बाई त्या उताण्या झाकणाकडे पाहत राहिल्या. "म्हणजे उत्तर नाही असं समजू?"

"वाडगा उघडा आहे, बाई. उत्तर कसं देऊ?" तो म्हणाला, आणि तीन बोटे थेट तळापर्यंत बुडवून त्याने पोई उचलली. पाकबाई हसल्या. मग सगळेच.

बाईंनी उभ्याउभ्या माशाचा एक तुकडा खाल्ला आणि आंटीचे आभार मानले. विमानतळावर ट्रकमधून उतरताना त्या म्हणाल्या की हिनानोइतका चांगला आचारी त्यांना मिळायचा नाही. मी म्हटले, ते आम्हालाही ठाऊक आहे.

परतले तेव्हा बाक रिकामे झाले होते आणि वाडगा अजून उघडाच होता. हिनानो त्याच्या कडा पुसत होता. फार पाणी घातलंस, अशी त्याची तक्रार चालली होती. आंटी ऐकून घेत होती.

"मग सकाळी तूच कूट," ती म्हणाली. "आणि चांगली आंबू दे."