खंडेनवमीचा नारळ आणि माझ्या चौसष्ट चकत्या

ओळखलंत का मला? छातीवर थंडगार जेल फासून ज्याला टेकवतात आणि पेशंट "आई गं!" करतो, तोच मी. हृदयाची सोनोग्राफी करणारा प्रोब. मुक्काम सुरत, पर्वत पाटिया, डॉक्टर सुधाकर देवस्थळींचा दवाखाना. १९९६ साली मी इथे आलो आणि जुना प्रोब कपाटात गेला. मला हात लावण्याआधी डॉक्टर हात धुवायचे, एवढा माझा मान!

आणि का नसावा? माझ्या पोटात सिरॅमिकच्या चौसष्ट बारीक चकत्या. विजेचा झटका बसला की त्या थरथरतात आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतात. तो हृदयावर आपटून परत आला की पडद्यावर चित्र उमटतं. बरं, त्यासाठी मी जागचा हलत नाही. डावीकडची चकती आधी, शेजारची किंचित उशिरा, तिच्या शेजारची आणखी उशिरा, असं केलं की आवाज उजवीकडे वळतो. लेझीमच्या रांगेत एका टोकाने आधी पाऊल टाकलं की रांग वळते ना, तसंच. दोन बरगड्यांच्या फटीतून अख्खं हृदय बघतो मी. आहे कुणाची टाप?

हा तोरा उतरवला सिस्टर ताराबाईंनी. खंडेनवमीला यंत्रांची पूजा. त्यांनी मशीनला झेंडूचा हार घातला, मला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला तो माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर! टेबल हादरलं, मी घसरून थेट फरशीवर. आठ-दहा चकत्या जागीच गेल्या. "काही नाही झालं," म्हणत बाईंनी मला पुसून अडकवलं आणि खोबरं वाटायला गेल्या.

दसऱ्यानंतरचा पहिला पेशंट धुडकू. अमळनेरकडचा, इथे लूमवर कापड विणणारा. छातीत धडधडतं म्हणून बायको उषाबाई घेऊन आली होती. डॉक्टरांनी मला टेकवलं आणि पडद्यावर हृदयाच्या मधोमध काळा पट्टा!

"धुडकूभाऊ, इथली भिंतच दिसत नाही. मुंबईला जावं लागेल. बहुतेक ऑपरेशन."

उषाबाईंनी पदर तोंडाला लावला. माझी तर लाजेने माती झाली. अहो, तो पट्टा माझ्या मेलेल्या चकत्यांचा आहे! पण मला तोंड कुठे?

धुडकू मात्र पडद्याकडे टक लावून होता. "सायेब, दिल हालस, पट्टा काबरं हालत नई?"

"म्हणजे?"

"कापडमा एकच जागावर पट्टा उना, तर दोष सूतना नई. लूमना ऱ्हास."

डॉक्टर चिडले. दोष हृदयाचा नाही, यंत्राचा? इतकी वर्षं शिकून आता लूमवाल्याकडून धडे घ्यायचे? त्यांनी रागारागाने शर्टाची बटणं काढली आणि मला स्वतःच्या छातीला लावलं. तोच पट्टा, त्याच जागी!

उषाबाई रडता रडता म्हणाल्या, "मंग सायेब, तुम्ही बी चला आते मुंबईले!"

ताराबाईंनी हळूच नारळाचं कबूल केलं. कपाटातला जुना प्रोब निघाला. धुडकूचं हृदय ठणठणीत होतं. "विड्या कमी करा," एवढंच औषध.

जाताना धुडकूने मला उचललं, गमछ्याने पुसलं आणि म्हणाला, "घाबरू नको रे भो. धागा तुटना तर जोडता येस."

हजारो काळजं बघितली मी, पण माझी चौकशी करणारा हा पहिलाच. मला भरून आलं हो!

आता कपाटात मी आहे. दर खंडेनवमीला धुडकू येतो, मला कुंकू लावतो आणि ताराबाईंच्या हातातला नारळ काढून घेऊन बाहेर पायरीवर फोडतो. तुम्हीही तेवढं करा, मी हात जोडतो.

दरवेळी तो विचारतो, "जुडना का रे धागा?" चकत्या जुळत नसतात. पण त्याला ते कुणी सांगितलेलं नाही, आणि मीही सांगणार नाही.