यादीतली अकरावी गोष्ट

जानेवारीत काय वाचावं, काय पाहावं आणि काय करावं, हे यादीकार गेली एकोणीस वर्षं लोकांना सांगत आला होता. स्वतः त्याने यातलं काहीच केलं नव्हतं. त्याला इलाज नव्हता. जानेवारीची यादी डिसेंबरच्या दहा तारखेला पानात जायची, आणि प्रत्यक्ष जानेवारी उजाडायचा तेव्हा तो फेब्रुवारीत बसलेला असायचा. चालू महिन्यात असा तो एकोणीस वर्षांत कधी राहिलाच नव्हता.

काम अवघड नव्हतं. पुस्तक आलं की तो मलपृष्ठ वाचायचा, मग एकूण पानं बघायचा. सातशेच्या वर असतील तर ‘व्यापक पट’, दीडशेच्या आत असतील तर ‘नेमकं’. नाटकाचं पत्रक आलं की त्यातली दोन विशेषणं काढून आपली दोन घालायचा. रविवारच्या पुरवणीत सहाव्या पानावर बारा गोष्टी छापून यायच्या: पाच पुस्तकं, चार कार्यक्रम, तीन उपक्रम. वाचक कात्रण काढून फ्रिजवर लावायचे आणि ते तिथेच राहायचं. फ्रिजवर लावलेल्या यादीचा कोणाला उपद्रव होत नाही, या भरवशावर त्याची नोकरी शाबूत होती.

अपवाद फक्त ताईचा. ताई त्याची थोरली बहीण, चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेली. ती यादी मनावर घ्यायची. बाराच्या बारा गोष्टी करायची, प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायची आणि एकतीस जानेवारीला फोनवर निकाल लावायची.

“तिसऱ्या पुस्तकाला चार,” ती म्हणायची. “नायक दोनशे पानं खिडकीत उभा आहे. तू वाचलंस ना?”

“चाळलंय.”

“मग ती खिडकी आली असेल तुझ्या वाटेत.”

“आली ना. कंटाळलो मीही.”

“खिडकी नाहीये त्यात. गच्चीवर उभा आहे तो.”

दर जानेवारीत ती एकदा तरी विचारायची, यातलं एखादं आपण दोघं मिळून करू या का. तो दर जानेवारीत सांगायचा, फेब्रुवारीची यादी हातावेगळी झाली की नक्की. मग ती हातावेगळी व्हायची आणि मार्च पुढ्यात यायचा.

गेल्या नोव्हेंबरात ताईच्या गुडघ्यांनी आणि ताईच्या लेकाने मिळून ठरवलं की तिने आता एकटीने राहू नये. लेक विमानाने अकरा तासांवर राहत होता. एक फेब्रुवारीला निघायचं आणि कायमचं तिकडेच राहायचं. हे सांगायला ती भावाकडे आली, आणि बातमी एका वाक्यात संपवून तिने उरलेला वेळ त्याच्या पडद्यांना नावं ठेवण्यात घालवला. निघताना मात्र दारात थांबली.

“हा माझा इथला शेवटचा जानेवारी. यंदा एक गोष्ट माझ्याबरोबर कर. कुठली ते तू ठरव.”

“ठरवतो की. फोन करतो तुला.”

“फोन नको. फोनवर तू ‘बघू’ म्हणतोस. यादीतच घाल. माझ्यासाठी काय घातलंयस ते मला ओळखू येईल. मी तिथे येईन, तूही ये. मधे बोलणं नाही.”

“आणि नाही ओळखलंस तर?”

“कोणी कोणाच्या वहीतून उतरवलंय ते मी चौतीस वर्षं ओळखलंय. तुझं अक्षर नाही ओळखणार?”

त्याने मान डोलावली. मान डोलावताना त्याच्या मनात खरोखर तसंच होतं, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

दहा डिसेंबरला पान लागत आलं होतं तेव्हा निरोप आला की अकरावी गोष्ट, म्हणजे मातीची भांडी करण्याची कार्यशाळा, रद्द झाली. शिकवणाऱ्याचाच हात मोडला होता.

“पाच ओळींचा खड्डा पडलाय,” पान लावणारा म्हणाला. “दहा मिनिटांत पान सोडायचंय.”

पुरवणीप्रमुख बाई खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. “काहीतरी थंडीतलं टाका. मोकळ्या हवेतलं. लोकांना करावंसं वाटेल असं, पण करणार नाहीत असं.”

यादीकाराने हाताला लागेल ते टाकलं. ‘तळ्याकाठी पक्षीनिरीक्षण. दर रविवारी सकाळी साडेसहा, जुन्या पंपघराशेजारी. माहितगार सोबत असेल. थर्मास आणि दोन कप आणावेत.’ नुसतं ‘कप आणावेत’ म्हटलं तर शेवटची ओळ भरत नव्हती, म्हणून दोन. असा उपक्रम अस्तित्वात नव्हता. पण जानेवारीत पहाटे उठून खात्री करून घ्यायला कोण जाणार?

पंपघर मात्र खरं होतं. लहानपणी थंडीच्या दिवसांत बाबा दोघा भावंडांना रविवारी तिथे घेऊन जायचे. तळ्यात टिबुकल्या असायच्या, मुठीएवढे पाणपक्षी, बघता बघता बुडी मारणारे. बुडी मारली की दोघांनी मोजायचं, वर कधी येते ते. ताई शेवटपर्यंत मोजायची. हा बाराला सोडून द्यायचा आणि बाबांच्या थर्मासमधला चहा मागायचा; कप दोनच असायचे, दोघा भावंडांचे. हे सगळं डोक्यात कुठेतरी मागच्या बाजूला पडलेलं होतं. घाईत हात तिथवर गेला, आणि गेल्याचं डोक्याला कळलंही नाही.

ताईला दिलेला शब्द आठवला तो दुसऱ्या दिवशी, दाढी करताना. तोवर पान गेलं होतं. बिघडलं काही नाही, त्याने आरशातल्या माणसाला सांगितलं. यादीत नाटक आहे, त्याची दोन तिकिटं काढू, तिला फोन करू, तेच तिच्यासाठी घातलं होतं म्हणून सांगू.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिकिटं काढायची राहिली. दुसऱ्या आठवड्यात फेब्रुवारीची यादी अंगावर आली. तिसऱ्या आठवड्यात नाटकाचे प्रयोग संपले. ताईचा फोन नव्हता. आवराआवरीत असेल, असं त्याने ठरवून टाकलं, आणि तिने विचारलं नाही याचं त्याला बरंच वाटलं. रविवारी तो साडेनऊपर्यंत झोपायचा.

एकतीस तारखेला, शनिवारी, तो तिला भेटायला गेला. घरात खोकी होती आणि भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन. ताई एका खोक्यावर बसली होती, नाकावर चष्मा, हातात कात्रण.

“बस. निकाल ऐक. पहिलं पुस्तक सहा. दुसरं तीन, तेही बांधणीला. नाटकाला पाच, मध्यंतराला आठ.” असं करत ती खाली आली. “अकरावी गोष्ट, नऊ.”

उपक्रमांना तिने सहाच्या वर कधी दिले नव्हते. “अकरावी कुठली?” त्याने विचारलं.

“एक गुण माहितगार आला नाही म्हणून कापला.”

तिने कात्रण पुढे केलं. यादीकाराने आपल्या पाच ओळी वाचल्या. पहिल्यांदाच वाचाव्यात तशा वाचल्या, आणि पंपघरापाशी त्याचं बोट थांबलं.

“तू गेली होतीस?”

“चारही रविवार. थर्मास घेऊन, दोन कप घेऊन.” ती चष्मा पुसू लागली. “पहिल्या रविवारी म्हटलं, गजर ऐकू आला नसेल. दुसऱ्या रविवारी फोन हातात घेतला होता. पण बोलायचं नाही असं मीच म्हटलेलं. मग म्हटलं, येईल.”

“अगं, थंडी केवढी होती.”

“होतीच. पण खरं सांगू का, हे वाचलं ना, तेव्हा भरून आलं मला. म्हटलं, याला पंपघर आठवतंय. दोन कपही आठवतायत. मला वाटायचं, तू सगळं फेकून दिलंस.”

यादीकारापुढे दोन उत्तरं होती. एक खरं होतं. त्यात मोडलेला हात होता, खड्डा होता, न भरणारी ओळ होती. एकोणीस वर्षांत ताईला त्याच्याकडून एवढी एकच गोष्ट मिळाली होती, आणि तीही त्याने दिलेली नव्हती. खरं बोललं की तेवढीही गेली असती.

“झोप लागली,” तो म्हणाला.

“चारही रविवारी?”

“चारही.”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. वह्या तपासताना बघत असेल तशी. मग हसली. “लहानपणापासून असाच आहेस,” ती म्हणाली, आणि खोक्यातून थर्मास काढून त्याच्या मांडीवर ठेवला. “हा सामानात बसत नाहीये. कप आतच आहेत. धुवून घे.”

दुसऱ्या दिवशी ती गेली.

त्यानंतरच्या रविवारी यादीकाराने दोन गजर लावले आणि दोन्हींच्या आधी जागा झाला. पंपघराशी कोणी नसेल, तासभर उभं राहावं आणि परत यावं, असा त्याचा हिशेब होता. तिथे सातजण उभे होते. प्रत्येकाच्या हातात थर्मास होता.

“यादी वाचून आलात?” कानटोपी घातलेल्या एकाने विचारलं. तो निवृत्त बसचालक होता, हे त्याने न विचारता सांगितलं. “जानेवारी संपला, पण आम्हाला सवय लागली. या, जागा आहे.”

“माहितगार कोण?”

“तो काही आला नाही बघा. एक ताई यायच्या, शाळेतल्या, त्याच सगळं सांगायच्या. म्हणायच्या, माहितगार माझा भाऊच आहे. येईल, त्याला जरा उशीर होतो.” चालक हसला. “आम्हीही वाट बघितली चार रविवार. गेल्या रविवारी आल्या नाहीत. तब्येत वगैरे नसेल ना बिघडली?”

“परगावी गेल्या असतील,” यादीकार म्हणाला.

“तुम्ही ओळखता?”

“नाही. मी वाचक आहे.”

त्याने थर्मास उघडला, एक कप भरला, आणि दुसऱ्याचं काय करावं ते न कळून तोही भरला. चालकाने तो आपल्यासाठीच आहे असं समजून घेतला. समोर पाण्यावर धुकं होतं. त्यात एक टिबुकली इकडे तिकडे बघत होती. मग ती नाहीशी झाली.

“आता मोजायचं,” चालक हळूच म्हणाला. “असं असतं इथे. ताई सांगायच्या, भाऊ बाराला सोडून देतो.”

यादीकार मोजू लागला. बारा आले, गेले. तेरा, चौदा. टिबुकली जिथे बुडाली त्या जागेवरून त्याने नजर हलू दिली नाही. डोळ्यांना पाणी आलं तरी हलू दिली नाही. सतरा, अठरा.

“आली,” चालक म्हणाला.

“कुठे?”

“तिकडे बघा ना, पार त्या टोकाला. केव्हाच आली.”