आक्कांची मूठ आणि मी

मी एक जुना कातडी पट्टा आहे, मित्रांनो. कमरेचा नव्हे. मनोरुग्णालयातल्या बायकांच्या वॉर्डात मी माणसांना खाटेला बांधायचो.

कारागिराने मला दुहेरी शिवण घातली होती. बावीस वर्षं मी तुटलो नाही. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "हा आहे म्हणून आपण धडपणे घरी जातो." मी फुशारून जायचो. मनगटांवरचे वळ मात्र मला दिसायचे.

मग एक नवी सिस्टर आली. मला बाहेर काढलं की ती वहीत लिहायची: कोणाला बांधलं, किती वाजता, त्याआधी काय घडलं.

"लिहून काय होतं गं? पेशंट वहीला घाबरतात?" मोठ्या सिस्टर चिडल्या.

"ताई, मी वाचलंय. दुसऱ्या वॉर्डांनी अशीच कारणं शोधली, तिथे बांधणं कमी झालं. आपणही करून बघू."

वहीत आक्का नावाच्या पेशंट सोळा वेळा होत्या. एरवी अगदी शांत बाई. त्यातल्या तेरा वेळा भेटीची वेळ संपल्याची घंटा नुकतीच वाजलेली होती.

पुढच्या भेटीच्या दिवशी नवी सिस्टर घंटेआधी आक्कांकडे निघाली. दोन मिनिटं उशीर झाला. घंटा वाजली, खिडकीची काच फुटली. आक्का तुकडा मुठीत धरून भिंतीला टेकल्या. मुठीतून रक्त गळत होतं.

"पट्टा आणा!" मोठ्या सिस्टर ओरडल्या आणि मी त्यांच्या हातात आलो.

"ताई, पाच मिनिटं द्या. बाकीच्यांना बाहेर काढा."

"आणि तिने स्वतःला काही करून घेतलं तर?"

"दारातच थांबा. हाक मारली की या."

नवी सिस्टर आक्कांपासून चार हात लांब जमिनीवर बसली. "आक्का, घंटा वाजली की काय होतं?"

मोठ्या सिस्टरांच्या मुठीत मी पिळवटून निघत होतो.

"लेक आली नाही," आक्का पुटपुटल्या. "घंटा वाजली की कळतं, आता येणारच नाही."

"मी बसू तुमच्याजवळ?"

हळूहळू आक्कांची मूठ उघडली, काच खाली पडली. मोठ्या सिस्टरांनी मला जमिनीवर टाकलं आणि धावत जाऊन त्या हाताला पट्टी बांधली.

त्या वॉर्डातली घंटा बंद झाली. लेक अजून आलेली नाही, पण भेटीच्या दिवशी आक्कांजवळ कोणीतरी बसतं. त्यानंतरही मला दोनदा काढावं लागलं. त्याची कारणं वहीत आहेत, मोठ्या सिस्टरांच्या अक्षरात.

मित्रांनो, जुन्या वस्तू विनवतात, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझं मागणं उलटं आहे. कोणी बिथरलं, तर आधी त्याला काय होतंय ते विचारा. कपाटात मी कडक होत चाललोय, बक्कल गंजलंय. मला तेल लावू नका.