लोंबता पाय

"घट्ट बांधा, सूज उतरली पाहिजे," एवढं बोलून नवे डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळलेसुद्धा.

मोठ्या सिस्टरने पट्टी उलगडायला घेतली आणि तिचा हात थांबला. समोर निवृत्त पोस्टमन खाटेच्या कडेला बसले होते, डावा पाय खाली सोडून. पाऊल लालबुंद, सुजलेलं, पण हात लावावा तर थंडगार! नडगीवर औषधालाही केस नाही. अंगठ्याजवळ एवढीशी जखम, दोन महिने भरत नव्हती.

"बाबा, झोपता कसे?"

"असाच, बसून. पाय वर घेतला की जीव जातो."

"काहीतरीच यांचं!" शेजारी उभी असलेली त्यांची बायको मध्येच म्हणाली. "मी रोज उशीवर ठेवून देते. पण ऐकतील तर शपथ! सकाळी बघावं तर पाय खालीच."

सिस्टर खाटेशी वाकली. तिने पाय अलगद वर धरला. पोस्टमन कळवळले आणि मिनिटभरात पाऊल पांढरंफटक पडलं. तिने पावलावर, घोट्यामागे बोटं टेकवून नाडी शोधली. उजव्या पायात लागत होती, डाव्यात काहीच नाही. असा पाय आवळायचा म्हणजे होतं नव्हतं तेवढं रक्तही तोडायचं.

"डॉक्टर, मी पट्टी बांधणार नाही."

डॉक्टर मागे वळले.

"का? सूज दिसत नाही तुम्हाला?"

"सूज पाय लोंबता ठेवल्याची आहे. खाली रक्तच पोचत नाहीये. नाडीचं मशीन लावून ऐका. आवाज आला तर पुन्हा तोंड उघडणार नाही मी."

बोलून गेली खरी. चुकलं तर तीस वर्षांची अब्रू पाण्यात.

नाडी ऐकायचं मशीन आलं. उजव्या पायावर ठोके स्पष्ट ऐकू आले. डाव्यावर नुसती खरखर. डॉक्टरांनी तीनदा जागा बदलून पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"ऑपरेशनवाल्यांना फोन लावा. आत्ताच्या आत्ता."

"पाय राहील ना हो?" बायकोने सिस्टरचा हात धरला.

"लगेच ऑपरेशन झालं तर राहील."

"मग मी वर ठेवायचे, तेच चुकत होतं का?"

 पोस्टमनच घाईघाईने म्हणाले, "छे गं! तू ठेवलास की बरं वाटायचं."

"मग खाली का सोडायचात?"



"तुझा डोळा लागेपर्यंत थांबायचो," पोस्टमन म्हणाले.

 बायको खाली फरशीवर बसली आणि तो थंड पाय, जराही वर न उचलता, तिने मांडीवर घेतला.