मुखवट्यांच्या गावात सबीहा

नळ विकून कुणी व्हेनिसला जातं का? इक्बाल परकार गेला. मस्कतच्या वादी कबीर भागात त्याचं नळ, शॉवर आणि बेसिनचं दुकान. एका इटालियन कंपनीचा माल त्या वर्षी त्यानं असा काही खपवला, की कंपनीनं ओमानमधल्या निवडक डीलरांना बायकांसकट व्हेनिसच्या कार्निव्हलला न्यायचं ठरवलं, त्यात त्याचंही नाव आलं. २०१६ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. एवढी मोठी खुशखबर घेऊन माणूस घरी येतो, आणि बायकोला काय सांगतो बघा.

"सोहारचे मजीदभाई आणि शहनाजभाभी पण येतायत. होणारे व्याही आहेत, तू नाही आलीस तर वाईट दिसेल. आणि तुला कसली अडचण नाही गं. तिकडे कार्निव्हलमध्ये सगळेच मुखवटे घालून फिरतात. तुझं खपून जाईल."

खपून जाईल! टवका उडालेलं बेसिन असावं, भिंतीकडे वळवून लावलं की गिऱ्हाइकाला दिसत नाही, तसं बोलला. सबीहा भाकऱ्या थापत होती. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि वळून म्हणाली, "येते मी."

सबीहाला कोड होतं. दोन्ही डोळ्यांभोवती पांढरी कडी, ओठांभोवती एक, आणि डाव्या गालावरून हनुवटीपर्यंत उतरलेला पट्टा. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी ते उमटलं आणि पसरत गेलं. दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही. पण मुलगी, तस्नीम, लग्नाची झाली तसा इक्बालनं फतवा काढला, बाहेर पडताना नकाब घाल. रत्नागिरीकडे त्यांच्या घरातल्या बायका डोक्यावर ओढणी घेत, तोंड कुणी झाकत नसे. ज्या बायका श्रद्धेनं नकाब घेतात त्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यापुढे सबीहाची मान झुकायची. तिच्या नकाबात श्रद्धा नव्हती, नुसती लपवाछपवी होती, आणि तेच तिला आतून खायचं. सोहारहून मजीदभाईंचं कुटुंब तस्नीमला बघायला आलं त्या दिवशी बायकांसमोर नकाब काढणं भाग होतं. तेव्हा इक्बालनं मॉलमधून जाड मेकअप आणून दिला. सबीहानं तो थापला, शहनाजभाभीला बिर्याणी वाढली, आणि त्यांच्या मुलाचं, मुआजचं, स्थळ पक्कं होत आलं.

"लग्न होऊन जाऊ दे," इक्बाल म्हणायचा. "मग कळलं तर कळलं."

"मग कळलं तर माझ्या पोरीला तिथं रोज टोमणे खावे लागतील," सबीहा म्हणायची. "आत्ताच सांगा."

"सांगू गं, इन्शाल्ला."

ते इन्शाल्ला काही उजाडत नव्हतं.

व्हिसासाठी फोटो काढायला गेले, तर स्टुडिओवाल्या रमणनं कॉम्प्युटरवर तिचा चेहरा मोठा करून विचारलं, "मॅडम, ये सब साफ कर दूँ? दो मिनट का काम है." इक्बालची मान हो म्हणायला हललीसुद्धा. सबीहा म्हणाली, "नहीं. जैसा है वैसा छापो." दुकानाबाहेर आल्यावर इक्बाल तिला मागे टाकून गाडीकडे चालायला लागला.

तर असं हे जोडपं व्हेनिसला पोचलं. कंपनीनं हॉटेलवरच सगळ्यांना मुखवटे वाटले. सबीहाच्या वाट्याला सोनेरी काठाचा, अख्खं तोंड झाकणारा पांढरा मुखवटा आला. खोटं कशाला बोला, पहिले काही तास तिला मजा वाटली. पाण्याच्या कडेनं, पुलांवरून, चौकातून माणसंच माणसं, पण चेहरा एकाचाही दिसत नाही. कुणाला पक्ष्यासारखी लांब चोच, कुणाच्या डोक्यावर पिसांचा डोलारा. दुकानदार आणि गिऱ्हाईक, मालक आणि नोकर, काही म्हणजे काही ओळखू येत नाही. एरवी झाकलेल्या तोंडाकडे लोक वळून बघत, इथं तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. आत मेकअपही नव्हता, गालाला मोकळी हवा लागत होती.

मोठ्या चौकात शहनाजभाभीनं तिच्या हातात हात गुंफला. बाई तशी मायाळू, पण जिभेला अजिबात विश्रांती नाही. तिनं आपला मुखवटा केव्हाच कपाळावर सरकवून ठेवला होता, तो घालून बोलता येत नाही म्हणून.

"रमजानच्या आधी साखरपुडा उरकू या भाभी. तुमच्या घराची सगळी चौकशी केलीय हो आम्ही, हसू नका! मुआज एकुलता एक. या आधी एक स्थळ आलेलं, मुलगी गोरीपान, शिकलेली. पण तिच्या मावशीला कोड. मी सरळ नाही म्हटलं. असल्या गोष्टी रक्तात येतात. तुमच्याकडे कसं, सगळं स्वच्छ."

इक्बाल मागेच होता, त्यानं ऐकलं होतं. तो घाईघाईनं म्हणाला, "चला चला, तिकडे कॉफी घेऊ."

सबीहानं दोन्ही हातांनी मुखवटा काढला आणि शहनाजभाभीकडे तोंड केलं. तिनं मान खाली घातली नाही.

शहनाजभाभीचा जबडा खाली आला. मग ती टाळी वाजवून ओरडली, "अगो बाई! काय सुंदर रंगवलंय! मुखवट्याखाली पण मुखवटा! कुठे केलंत हो भाभी?"

आता या बाईला काय म्हणावं? पण तिचीही चूक नव्हती. चौकाच्या कडेला रांगेनं मुली बसल्या होत्या, पैसे घेऊन लोकांची तोंडं रंगवत होत्या. कुणाच्या डोळ्याभोवती चांदीचं कडं, कुणाच्या गालावर पांढरी वेल.

"तिकडेच," इक्बाल पटकन बोलून गेला. "त्या कोपऱ्यावर. आत्ताच करून घेतलं."

सबीहानं त्याच्याकडे पाहिलं. तो चोच लावलेल्या एका माणसाकडे बघत उभा राहिला.

पुढचं सगळं इतक्या भरभर झालं की सबीहाला तोंड उघडायला फुरसतच मिळाली नाही. शहनाजभाभीनं तिला ओढत त्या रंगवणाऱ्या मुलीपाशी नेलं, स्वतः स्टुलावर बसली आणि बोटानं सबीहाचा चेहरा दाखवून म्हणाली, "सेम लाइक हर! सेम टू सेम!" मुलीनं कुंचला पांढऱ्या रंगात बुडवला आणि शहनाजभाभीच्या उजव्या डोळ्याभोवती गोल कडं काढलं. मजीदभाई हसत हसत फोटो काढत होते. कडं छान जमलं होतं, अगदी सबीहासारखं.

"स्टॉप," सबीहा त्या मुलीला म्हणाली, आणि तिचा कुंचल्याचा हात धरला. मग मराठीत म्हणाली, "शहनाजभाभी, हे हिला जमायचं नाही. हा रंग नाही. मला कोड आहे. हे माझं तोंड आहे."

"सबीहा!" इक्बाल दबक्या आवाजात ओरडला.

"तुम्ही गप्प बसा," ती नवऱ्याला म्हणाली आणि पुन्हा भाभीकडे वळली. "आमच्या घरी तुम्हाला जेवायला वाढलं तेव्हा मी मेकअप लावला होता, भाभी. तुम्हाला फसवलं. आता फसवत नाही. तस्नीमला आज काही नाही. उद्याचं मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. त्याच्यावर तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. निकाह झाल्यावर माझ्या पोरीला म्हणू नका."

शहनाजभाभीनं ओढणीचं टोक घेतलं आणि डोळ्याभोवतीचं कडं पुसायला लागली. ओला रंग तो, गालभर पसरला. ती घासतच राहिली, कातडी लाल झाली तरी घासत राहिली. आणि सबीहा समोर उभी राहून ते बघत होती. आयुष्यात इतकं काही लागलं नव्हतं तिला.

मजीदभाईंनी बायकोला उठवलं, मुलीच्या हातात नोट ठेवली. "इक्बालभाई, सोहारला गेल्यावर बोलू. इन्शाल्ला," ते म्हणाले. आखातात आयुष्य काढलेल्या माणसाला असल्या इन्शाल्लाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

"मोडलंस," इक्बाल म्हणाला. "पोरीचं चांगलं स्थळ हातानं मोडलंस."

मुखवटा सबीहानं शेजारच्या कठड्यावर ठेवून दिला आणि पुलावरून उघड्या तोंडानं चालत गेली. नकाब हॉटेलवर बॅगेत होता, तो तिनं पुन्हा बाहेर काढला नाही. पण परतीच्या विमानात मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरगी काय म्हणेल? पोरीला तो मुलगा आवडला होता, फोनवर बोलताना हसायची ती. तिला न विचारता आपण तिच्या सुखाचा सौदा उधळला की काय? हा विचार मस्कतला चाकं टेकेपर्यंत तिला कुरतडत राहिला.

तस्नीम विमानतळावर घ्यायला आली होती. गर्दीत ती नकाब शोधत होती. मग उघड्या तोंडाची आई समोर दिसली आणि ती थबकली.

"अम्मी? काय झालं?"

सबीहानं तिथंच, ट्रॉल्यांच्या गर्दीत, सगळं सांगून टाकलं. शहनाजभाभीचं पुसणंही सांगितलं. "तुझं स्थळ मी मोडलं, बाळा. तुला रागवायचं असेल तर रागाव. पण मी परत झाकणार नाही."

तस्नीमचं मराठी अडखळत चालणारं, पण फोन तिनं न अडखळता लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मुआज, माझ्या अम्मीला कोड आहे. कदाचित मला पण होईल. तुझ्या घरी आता कळलंय. तुला काय वाटतं? तुला, म्हणजे तुला."

मग मुआज म्हणाला, "तस्नीम, मी... मी अम्मीला विचारून सांगतो."

"नको विचारूस," तस्नीम म्हणाली. "प्रश्न तुला होता. खलास." आणि फोन बंद केला.

तिनं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला, पांढऱ्या पट्ट्यावर अंगठा ठेवला. "अम्मी, तू रडू नको हां. मी थोडं रडते. तू फक्त उभी राहा."

सबीहा उभी राहिली. पोरगी खांद्यावर हमसून रडत होती, येणारे जाणारे बघत होते, आणि ती पाय रोवून उभी होती. भीती गेली होती तिची.

तेवढ्यात इक्बालच्या शेजारचा दुकानदार हारून, गावाहून आलेल्या भावाला घेऊन, समोरून आला. वर्षानुवर्षं त्यानं इक्बालची बायको फक्त नकाबात बघितली होती. त्यानं रडणाऱ्या तस्नीमकडे, मग सबीहाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "इक्बालभाई, गावचे पाहुणे आलेत वाटतं?"

इक्बाल दोन्ही हातांनी ट्रॉली धरून उभा होता. व्हेनिसपासून तो बायकोशी बोलला नव्हता. त्यानं ट्रॉली सोडली, आणि सबीहाच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"पाहुणे कसले, हारूनभाई," तो म्हणाला. "ही सबीहा. माझी बायको."